मदत हवी आहे: रेडमाईनमधला डेटा पूर्ण कसा काढायचा, आणि पुढे काय निवडायचं?

पाटीपेन्सिल:
१४ जणांची सॉफ्टवेअर कंपनी, रेडमाईन (कामं नि तक्रारी नोंदवायचं टूल) स्वतःच्या सर्व्हरवर, सहाएक हजार इश्यू (म्हणजे त्यातल्या नोंदी). आता त्याजागी जिरा क्लाउड किंवा ओपनप्रोजेक्ट (तशीच तयार टूल्स), की आपलंच टूल लिहायचं, हे ठरवायचंय. सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर फाईल) काढून पाहिली तर ५००च ओळी आल्या, आणि एक्सेलमध्ये मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. डेटा बिघडलाय का? निवडीआधी काय तपासावं?

अडकित्ता:
डेटा शाबूत आहे. ५०० ही निर्यातीची मूळ मर्यादा. ॲडमिनिस्ट्रेशनच्या सेटिंग्जमध्ये 'इश्यू ट्रॅकिंग'खाली ती वाढवता येते. भलतीच अक्षरं म्हणजे बहुधा फाईल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे आणि एक्सेलने ती वेगळ्या एन्कोडिंगने वाचली. डबल-क्लिक न करता 'डेटा' टॅबमधून आयात करा आणि ६५००१ (यूटीएफ-८चा क्रमांक) निवडा. नुसती प्रश्नचिन्हं दिसली असती, तर मजकूर निर्यात करतानाच गेला असता.

पण स्थलांतर सीएसव्हीवर करू नका. त्यात चर्चेचा पूर्ण इतिहास येत नाही, जोडलेल्या फायली तर नाहीतच. सेटिंग्जमधून रेस्ट एपीआय (स्क्रिप्टने थेट डेटा मागवायची सोय) चालू करा. तिथे लोक हमखास अडकतात ते असं: आकडा न दिल्यास एका विनंतीला २५च इश्यू मिळतात (मागून जास्तीत जास्त १००, पुढचे ऑफसेट, म्हणजे किती सोडायचे तो आकडा, वाढवून), न सांगता फक्त उघडे येतात, बंद झालेलेही हवे तर स्टेटस आयडीला * द्यावा लागतो, आणि शेरे यादीत नसतात, प्रत्येक इश्यू जर्नल्ससकट (शेरे आणि बदलांच्या नोंदींसकट) वेगळा मागवावा लागतो. फायली डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरवरच्या 'फाइल्स' फोल्डरमध्ये असतात. बॅकअप दोन्हींचा घ्या.

कोरा_कागद:
इश्यूचे क्रमांक सांभाळा. रेडमाईनमध्ये सगळ्या प्रोजेक्टांची मिळून एकच क्रममालिका, जिरात प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी. क्रमांक बदलणारच, आणि गिटच्या जुन्या कमिटांतल्या (कोडमधल्या बदलांच्या नोंदींतल्या) '#४३१२'सारख्या इश्यू क्रमांकाचा पत्ता लागणार नाही. जुना क्रमांक कस्टम फील्डमध्ये (स्वतः जोडलेल्या रकान्यात) ठेवा. नोकरी सोडून गेलेल्यांची खातीही आधी जुळवा, नाहीतर त्यांचे शेरे आयात करणाऱ्याच्या नावावर पडतात.

जिरा क्लाउडची मोफत योजना १० जणांपर्यंतच, म्हणजे तुम्हाला पैसे पडणार. ओपनप्रोजेक्टचं मूळ चिलीप्रोजेक्टमार्गे (रेडमाईनपासून फुटून निघालेलं टूल) रेडमाईनकडेच जातं, त्यामुळे टीमला रचना ओळखीची वाटेल. डेटाबेस मात्र तसाच उचलता येत नाही, शिवाय पोस्टग्रेएसक्यूएल हाच डेटाबेस लागतो. स्वतःचं टूल लिहू नका. कामांचा बोर्ड पटकन होतो. परवानग्या, ईमेल सूचना, बदलांचा इतिहास आणि शोध यांतच खरा वेळ जातो.

चाचणी एका चालू प्रोजेक्टवर दोन आठवडे घ्या. त्या काळात त्याची नोंद रेडमाईनमध्ये करू नका, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहील. ग्राहकाच्या खात्याने लॉगिन करून अंतर्गत शेरे दिसत नाहीत ना, ते बघा. आणि शेवटी सगळा डेटा शेरे-फायलींसकट बाहेर काढून पाहा. जिथून तो निघत नाही, ते टूल बाद.

पाटीपेन्सिल:
कामाच्या तासांच्या नोंदीही हव्यात. त्या इश्यूबरोबर येतात का?

अडकित्ता:
तपशीलवार नोंदी नाही, इश्यूत फक्त बेरीज दिसते. टाइम एन्ट्रीज वेगळ्या मागवा, तिथेही १००ची मर्यादा आहे. नव्या टूलमध्ये आधी इश्यू चढवा, जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता करा, मगच तास चढवा.