प्रतिसाद: सवलत कमी झाली की बेटाचं काय होतं

व्यापार करारांच्या चर्चेत “मोठी बाजारपेठ मिळते, मग छोट्या बेट-देशांनी कुरकुर का करावी?” असं म्हटलं गेलं, तो मुद्दा पटला नाही. मॉरिशसचंच बघा. १९७५च्या लोमे करारानंतर (युरोप आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधल्या देशांमधला व्यापार करार) युरोप त्यांची दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घ्यायचा, तोही बहुतेक वर्षी जागतिक दरापेक्षा बराच जास्त. कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्यांची पुढची पिढी याच उसाच्या आधाराने शिकली. पण ब्राझील, ऑस्ट्रेलियाने युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, युरोपने हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि २००९मध्ये हमीभावाने साखर घेण्याचा तो करारच संपला. श्रीमंत देशांनी देशवार ठरवलेला कापड-कपडे आयातीचा कोटा (ज्यामुळे छोट्या देशांनाही वाटा मिळायचा) त्याआधीच, २००५च्या सुरुवातीला गेला होता. म्हणजे बेटाने स्वतः घेतले नाहीत असे निर्णयही बेटालाच भोवतात.

तरी ते बसून राहिले नाहीत. छोट्या गिरण्या बंद करून मोठ्या ठेवल्या, चिपाडापासून वीज केली, खास प्रकारच्या (कमी शुद्ध केलेल्या, तपकिरी वगैरे) साखरांवर जास्त भर दिला. (अर्थात गिरण्या बंद झाल्या तेव्हा माणसंही घरी बसली, हे विसरून चालणार नाही.)

१ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या भारत-मॉरिशस करारात या खास साखरेसाठी सवलतीचा कोटा आहे, आणि ती, गोठवलेले मासे, बिअर, कपडे वगैरे धरून एकूण ६१५ वस्तूंना सवलत आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि जहाज भरण्याइतका माल असणं वेगळं. १२-१३ लाख लोकवस्तीच्या बेटाला एवढ्या वस्तूंचा पुरेसा माल उभा करणं सोपं नाही.