शब्दचर्चा: 'फेन्सिंग'ला कुंपण म्हणायचं का? (आणि पीसीएस की सीआरएम शेल?)

प्रश्न (दारव्हा): दोन सर्व्हरची जोडी (क्लस्टर) सांभाळणाऱ्या पोरांसाठी मराठी टिपण लिहितो आहे. खाली पेसमेकर (कोणती सर्व्हिस कुठल्या यंत्रावर चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (यंत्रांमधला संपर्क सांभाळणारा). फेन्सिंगला, म्हणजे गप्प झालेल्या यंत्राला जबरदस्तीने बाजूला काढण्याला, 'कुंपण' लिहिलं तर चालेल? आणि पेसमेकर चालवायची दोन साधनं आहेत, तर आज्ञा पीसीएसच्या द्याव्या की सीआरएम शेलच्या?

उत्तर (हिंगणघाट): दुसरं आधी सांगतो. ते लिनक्सवर ठरतं. रेड हॅट, रॉकी, अल्मा असेल तर पीसीएस. सुसे असेल तर सीआरएम शेल. डेबियन-उबुंटूवर दोन्ही मिळतात, तिथे एकच निवडा आणि सगळ्यांनी तेच वापरा. दोन्ही शेवटी सीआयबी या क्लस्टरच्या एकाच एक्सएमएल नोंदवहीत लिहितात, पण शब्द वेगळे. सीआरएम शेलमध्ये जे 'प्रिमिटिव्ह', ते पीसीएसमध्ये 'रिसोर्स क्रिएट'. टिपणात दोन्हीची सरमिसळ झाली की नवखा माणूस अडकलाच.

पीसीएसला प्रत्येक यंत्रावर पीसीएसडी (पीसीएसची मागे चालणारी सेवा) चालू लागतं, पोर्ट 2224 उघडा लागतो आणि 'एचएक्लस्टर' या वापरकर्त्याला पासवर्ड द्यावा लागतो. 'पीसीएस होस्ट ऑथ' (यंत्रांची एकमेकांशी ओळख पटवणारी आज्ञा) लटकलं तर आधी फायरवॉल पाहा. सीआरएम शेल एकमेकांकडे एसएसएचने जातं. एकदम दहा बदल करायचे असतील तर मला सीआरएम शेलचं 'कॉन्फिगर एडिट' आवडतं: सगळं एका पानावर दिसतं. पीसीएसमध्ये आज्ञा दिली की लगेच लागू होते. म्हणून तिथे बरेच बदल एकदम करायचे तर आधी सीआयबी फाइलमध्ये उतरवा, '-एफ' लावून त्या फाइलवर बदल करा, मग 'सीआयबी-पुश' करा.

उत्तर (उमरखेड): कुंपण नका लिहू जी. कुंपण म्हटलं का आपल्या इकडच्या माणसाले तार, झटका मशीन अन् रानडुक्कर दिसते. म्हणजे बाहेरचं आत येऊ नये. फेन्सिंग त्याच्या उलट हाय: आतलंच यंत्र गप्प झालं, ते मेलं का जिवंत ते कळत नाही, म्हणून त्याची वीज तोडाची, अन् मगच त्याचं काम दुसऱ्याले द्याचं. नाही तोडली तर दोघंही एकाच डिस्कवर लिहितात अन् डेटा खराब होते. मी 'तोड' म्हणतो. वीज बंद केली तर वीजतोड, स्टोरेजचा रस्ता बंद केला तर डिस्कतोड.

एक गोष्ट टिपणात ठळक लिहा. आयपीएमआय (सर्व्हरमधलीच, दुरून वीज चालू-बंद कराची सोय) वरची वीजतोड त्याच यंत्राच्या विजेवर चालते. लाईन त्या एकाच यंत्राची गेली तर आयपीएमआयही मेलं. तोड झाल्याची खात्री होत नाही अन् दुसरं यंत्र वाट पाहत बसते. म्हणून दुसरी पायरी पाहिजे, स्विच होणारं पीडीयू (दुरून बंद करता येणारी वीजपट्टी) नाही तर एसबीडी (यंत्राले स्वतःच बंद पडाले लावणारी सोय). त्याची आज्ञा पीसीएसमध्ये 'स्टोनिथ लेव्हल ॲड' (स्टोनिथ म्हणजे फेन्सिंगच), सीआरएम शेलमध्ये 'फेन्सिंग टोपोलॉजी'. अन् दोघांनी एकदमच एकमेकांले तोडू नये म्हणून एका बाजूच्या तोडीले 'पीसीएमके डिले बेस' (तोड थोडी थांबवून करणारी सेटिंग) लावा.

प्रश्न (दारव्हा): आणि कोरम? 'गणपूर्ती' लिहू?

उत्तर (हिंगणघाट): 'कोरम'च ठेवा, ग्रामसभेमुळे तो गावागावात माहीत आहे. फक्त फरक सांगा. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही. क्लस्टरला ती सवलत नाही: तीनात दोन, पाचात तीन, निम्म्याहून जास्त हवेतच. दोनच यंत्रं असतील तर एक बंद पडल्यावर उरलेल्या एकालाही कोरम मिळावा म्हणून कोरोसिंकमध्ये 'टू नोड' लावतात. त्यासोबत 'वेट फॉर ऑल' आपोआप चालू होतं. भारनियमनात दोन्ही बंद पडली आणि नंतर एकच उठलं, तर ते दुसरं दिसेपर्यंत काही सुरू करणार नाही. हा बिघाड नाही, हेही लिहा, नाहीतर पोरं रात्री ते सेटिंग काढून टाकतात.

उत्तर (उमरखेड): सर्व्हिस एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या 'मूव्ह'ले नुसतं 'हलवणे' लिहू नका. सीआरएम शेलमध्ये अन् जुन्या पीसीएसमध्ये मूव्ह केलं का 'क्ली-प्रिफर' नाही तर 'क्ली-बॅन' नावाचं बंधन मागं राहते. 'रिसोर्स क्लिअर' केल्याशिवाय ते जात नाही, अन् पुढच्या वेळी सर्व्हिस काहून परत येत नाही ते शोधाले अर्धा दिवस जाते. पीसीएस 0.11 पासून ते आपोआप निघते. 'हलवून बांधणे' लिहा, मग 'सोडणे' आपसूक आठवते.