आईबाबांना डेव्हिल्स लेकला नेताना तंबू की ग्लॅम्पिंग?

नेपरव्हिलचा_नाना

आईबाबा यंदा जूनमध्ये येताहेत. विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कमधली तंबूची साइट मी ११ महिने आधी, बुकिंग उघडलं त्याच दिवशी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून मिळवली. शुक्रवार-शनिवार, दोन रात्री. आता घरात वाद पेटलाय. बायको म्हणते ती साइट रद्द कर आणि पार्कबाहेर एखादं ग्लॅम्पिंग बघ, जिथे पलंग, गादी, आत दिवा आणि लागूनच संडास-बाथरूम असेल.

माझं मत इथे मांडतोय, खुशाल फाडून काढा. ग्लॅम्पिंग म्हणजे कापडी भिंतींचं हॉटेल. तेही खासगी जमिनीवर, तळ्यापासून लांब. म्हणजे सकाळी सगळ्यांना आवरायला लावा, गाडी काढा, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी पार्किंगसाठी घिरट्या घाला. कॅम्पग्राउंडमधून मात्र पहाटे साडेपाचला चप्पल सरकवून तळ्यावर जाता येतं. दोन्ही बाजूंना ५०० फुटांचे जांभळट क्वार्ट्झाइट खडकाचे कडे, पाण्यावर धुकं, आणि काठावर चिटपाखरू नाही.

शिवाय बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. हे तळं कसं झालं हे त्यांना तिथे उभं करून दाखवायचंय. हिमयुगात बर्फानं दरीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे ढीग आणून टाकले आणि मधे पाणी अडलं. सरळ सरळ मातीचं धरण, तेही विनाटेंडर!

आणि झोपण्याचं काय एवढं? बाबांनी पाच वाऱ्या केल्यात, पालात झोपून. त्यांना एअर मॅट्रेस जड जाणार आहे का?

सूनबाई_मिलवॉकी

नाना, वारीला गेले तेव्हा बाबा किती वर्षांचे होते? आणि तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये आई फक्त 'आईबाबा' या शब्दातच सापडल्या. त्यांना कुणी विचारलंय का?

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, याच पार्कला. एअर मॅट्रेसवर झोपणं सोपं असतं हो, उठणं अवघड. गुडघ्यावर जोर द्यायला जमीन घट्ट लागते, तिथे सगळंच डुगडुगतं. संडास काही तंबूच्या दाराशी नव्हता. रात्री दोनदा टॉर्च घेऊन ओल्या गवतातून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांनी पाणी पिणंच बंद केलं. का, तर रात्री कुणाला उठवायला नको. मला हे घरी परतल्यावर कळलं. कडे सुंदर आहेत, नाही कोण म्हणतंय? पण डेव्हिल्स लेक म्हटलं की मला तो न प्यायलेला पाण्याचा ग्लास आठवतो.

मॅडिसनचा_बोका

ग्लॅम्पिंगला एवढं नाक मुरडू नका. शेजारच्याच मिरर लेक स्टेट पार्कमध्ये प्रसिद्ध अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटनं १९५८ साली आराखडा केलेली सेथ पीटरसन कॉटेज आहे. ८८० चौरस फूट, दगडी भिंती, खाली तळं. कित्येक वर्षं पडीक होती, मग लोकांनी दुरुस्त केली आणि १९९२ पासून भाड्यानं मिळते. त्याला काय म्हणणार, कापडी हॉटेल? (यंदाच्या जूनसाठी मात्र विसरा.)

मिरर लेकच्या पार्कातच अपंग व्यक्तींसाठी राखीव केबिनही आहे. ती खरोखर गरज असणाऱ्यांसाठीच आहे, 'आईचे गुडघे दुखतात' म्हणून अडवू नका. इथे सल्ले वाचून लोक काय काय करतील नेम नाही, म्हणून सांगून ठेवलं.

कट्टर_तंबूवाला

नानांना पूर्ण पाठिंबा. सूनबाई, तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष तंबूचा नाही, एअर मॅट्रेसचा आहे. घडीची खाट मिळते, खुर्चीइतक्या उंचीची. पाय खाली सोडून बसता येतं. तंबू मात्र उभं राहता येईल असा घ्या, वाकून आत शिरायचं वय नाही त्यांचं.

बाकी नियम घरूनच वाचून निघा. एका साइटवर एक कुटुंब किंवा सहा माणसं. शेकोटीची लाकडं तुमच्या शिकागोकडून नेऊ नका. प्रमाणित गठ्ठा नसेल तर १० मैलांच्या आतलीच लाकडं चालतात, कारण ॲश झाडं पोखरणारी कीड लाकडातूनच पसरते. आणि रात्री ११ ते सकाळी ६ शांतता. मागच्या वेळी शेजारच्या साइटवर आपलीच मंडळी होती, साडेअकराला अंताक्षरी 'ठ'वर अडली होती. मराठी कळत असल्यानं मलाच जास्त लाज वाटली.

खाण्याचं सामान रात्री गाडीत. रकून नावाचे चोरटे प्राणी झिप उघडतात, हे मी चकलीचा डबा गमावून शिकलोय.

रात्रपाळी

तंबू की पलंग हा वाद चालू द्या. मला ११ महिन्यांचाच राग आहे. मी हॉस्पिटलात नर्स आहे, आमचं वेळापत्रक सहा आठवडे आधी लागतं. तोवर एक शनिवार शिल्लक नसतो. दरम्यान आमच्याच ओळखीतली मंडळी जूनचे तीन-तीन वीकेंड धरून ठेवतात, मग हवामान बघून दोन सोडतात. रद्द करताना थोडे पैसे कापतात, त्यानं कुणाचं काय अडतं? एसटीत रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय जुनीच, पण एका माणसाचे तीन रुमाल?

नेपरव्हिलचा_नाना

@रात्रपाळी, माझा एकच रुमाल आहे, शप्पथ.

पण ११ महिन्यांचा नियम मला चुकीचा वाटत नाही. लॉटरी काढली तर मला भारताची तिकिटं ठरवता येणार नाहीत. लांबून येणाऱ्यांना आधीच कळायला हवं.

रात्रपाळी

म्हणजे ज्याचं आयुष्य वर्षभर आधी ठरलेलं असतं त्यालाच तळं. सरकारी पार्क आहे ना हे? थोड्या साइट्स आदल्या आठवड्यासाठी राखून ठेवल्या तर तुमची तिकिटं बुडणार नाहीत.

सूनबाई_मिलवॉकी

रात्रपाळी +१. आणि नाना, माझ्या प्रश्नाला बगल दिलीत. आईंना विचारलंत का?

नेपरव्हिलचा_नाना

विचारलं, आत्ताच फोन ठेवला. बाबांना ग्लॅम्पिंगच हवंय! म्हणे, "वारीत पर्याय नव्हता म्हणून पालात झोपलो." मी गार.

आई म्हणाली, खाट असेल तर तंबू चालेल, पण संडास जवळ हवा. मग तिनंच विचारलं, "पाण्यात उतरू देतात का रे?" ती वाईची, कृष्णेत पोहायला शिकलेली. इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅडिसनचा_बोका

देतात की, पोहायला काठ आहेत. जूनमध्ये पाणी गार असतं, आधी पाय बुडवून बघायला सांगा. आणि बाहेर आल्या आल्या टॉवेलनं खसखसून अंग पुसायचं. गोगलगायींतून आलेले बारीक परजीवी कातडीत शिरून खाज सुटते, तिथला जुना त्रास आहे तो. उथळ पाण्यात रेंगाळू नका.

सूनबाई_मिलवॉकी

आईंसाठी खाट घ्या, पण जवळच्या मोटेलचा नंबरही खिशात ठेवा. पाणी कमी प्यायला लागल्या की समजा.

नेपरव्हिलचा_नाना

ठेवतो. आता पंचाईत अशी की माझी साइट संडासापासून बरीच लांब आहे. रोज बघतोय, जवळची एखादी सुटली तर बदलून घेईन.

रात्रपाळी

जुनी सोडाल तेव्हा आधी इथे सांगा. त्या शनिवारी मला सुट्टी आहे.