पन्नाशीनंतर कपडे घेताना चालू फॅशन पाहावी की आपल्याला काय शोभते ते?

प्रश्न : सातारकर वाचक

माझे वय 53 असून मार्गशीर्षात कराडला पुतण्याचे लग्न आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने माझ्यासाठी फिक्या गुलाबी रंगाची ऑर्गेंझाची साडी आणि हळदीच्या कार्यक्रमासाठी आखूड कुर्ता व रुंद पायांची पँट असा एक को-ऑर्ड सेट आणला आहे. जाऊबाईंचे मत असे की, या वयात गडद रंगाची काठापदराची साडीच बरी दिसते. दोघीही प्रेमाने सांगतात, म्हणून कोणालाच दुखवावेसे वाटत नाही. माझी खरी अडचण वेगळी आहे. पूर्वी अंगावर नीट बसणारे कपडे आता आरशात चुकल्यासारखे वाटतात. पण नेमके काय चुकते, हे मला सांगता येत नाही. ते ओळखायचे कसे?

उत्तर : शिवणकाम करणारी, सांगली

ताई, तुम्ही विचारलेला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बहुतेक बायका मापासाठी जुना ब्लाऊज देतात आणि छाती-कंबर थोडी सैल करायला सांगतात, परंतु शरीर केवळ रुंदीत बदललेले नसते. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते आणि मांड्या-नितंबांकडे साठणारी चरबी पोटाकडे साठू लागते. छाती खाली उतरते. पाठीला वरच्या बाजूस किंचित बाक येतो. चाळिशीनंतर उंचीही हळूहळू घटते. अशा वेळी जुन्या मापावर शिवलेल्या ब्लाऊजचे टक्स (छातीला आकार देण्यासाठी घातलेल्या चुण्या) छातीच्या वर येऊन संपतात, पाठीकडची उंची अपुरी पडून ब्लाऊज मागून वर चढतो आणि खांद्याची शिवण मागे ओढली जाते. तुम्हाला आरशात जे चुकल्यासारखे वाटते, ते बहुधा हेच असावे.

म्हणून नवे माप अंगावरूनच घ्यायला सांगा, आणि तेही रोजच्या वापरातील चांगली अंतर्वस्त्रे घालून. खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर आणि मानेपासून कमरेपर्यंतची पाठ ही दोन मापे आवर्जून घ्यायला लावा. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची खोबण, फार खोल कापू देऊ नका. मुंढा सैल असला की हात मोकळा राहील असा समज आहे, पण प्रत्यक्षात खोल मुंढ्यामुळे हात वर करताच सगळा ब्लाऊज वर ओढला जातो. शिवणीत दोन्ही बाजूंना पुरेशी माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवायला सांगावे, कारण या वयात वर्षभरातही माप बदलू शकते.

कुर्त्याबाबत एकच गोष्ट पाहावी. त्याची खालची कड अंगाच्या सर्वांत रुंद भागावर थांबली तर नजर तिथेच अडते. ती चार बोटे वर किंवा खाली नेली की तोच कुर्ता वेगळा दिसतो. रुंद पँटवर आखूड कुर्ता ही सध्याची फॅशन वाईट मुळीच नाही. मात्र खांदे नेमके बसलेले हवेत. खांदाही सैल आणि पँटही सैल असेल, तर अंगाचा आकारच हरवून जातो.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, मिरज

वरील ताईंनी मापाविषयी जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते. आपल्याकडे ‘वयाला शोभेल असे’ म्हणताना अनेकदा बाईने हळूहळू नजरेआड व्हावे, अशीच अपेक्षा असते. पोट झाका, दंड झाका, रंग उतरते ठेवा, हे सगळे सल्ले त्यातूनच येतात. पोट झाकणे हे कपड्यांचे मुख्य काम आहे, असे मी मानत नाही. शिवाय फॅशन आणि वय यांचे वैर आहे हेही खरे नाही. आमच्या भागात आज्यांच्या पेटीतले इरकल आणि गुळेदगुड्डचे खण आज महाविद्यालयीन मुली हौसेने घालतात. खणाच्या साड्या, कुर्ते आणि पिशव्याही दुकानांत टांगलेल्या दिसतात. मग मुलींच्या कपाटातले काही आपण का घेऊ नये?

रंगांविषयी मात्र एक अनुभव सांगते. केस पांढरे झाल्यावर चेहऱ्याभोवतीचा काळा रंग जातो, त्यामुळे पूर्वी खुलणारे काही फिके रंग चेहरा निस्तेज करतात आणि कधी घालावेसे न वाटलेले निळे, जांभळे, डाळिंबी रंग उठून दिसतात. याला वयाचा नियम नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पदर हनुवटीखाली धरून पाहावे आणि दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये.

उत्तर : कराडची रहिवासी

कापडाचाही विचार करावा. ज्यांना अंगातून एकाएकी गरम वाफा येतात, त्यांना पॉलिस्टरचे अस्तर लावलेला ब्लाऊज घालून भर मंडपात दोन तास बसणे असह्य होते. अस्तर सुतीच लावून घ्या.

सातारकर वाचक

सर्वांचे मनापासून आभार. उद्याच अंगावरून माप देते. ऑर्गेंझा मात्र नेसून पाहिली, तर ती कमरेभोवती फार फुगते. ती परत करावी का?

उत्तर : शिवणकाम करणारी, सांगली

परत करण्याची घाई करू नका. रेशमी ऑर्गेंझाच्या धाग्यातील नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, म्हणून ते कापड ताठ राहते. कृत्रिम धाग्याच्या ऑर्गेंझालाही तसाच ताठपणा दिलेला असतो. घेरदार परकराऐवजी अंगाबरोबर बसणारा फिशकट परकर घाला, निऱ्या कमी आणि रुंद घ्या, आणि नेसण्यापूर्वी त्या मंद इस्त्रीने सुती कापडाखाली दाबून घ्या. पदर मोकळा न सोडता चुण्या घालून खांद्यावर पिन लावा. ब्लाऊज डाळिंबी किंवा जांभळ्या खणाचा शिवलात, तर चेहऱ्याजवळ गडद रंग येईल आणि जाऊबाईंचेही मन राखले जाईल. खणाचा पन्ना (कापडाची रुंदी) लहान असतो, त्यामुळे कोपरापर्यंत बाही हवी असल्यास कापड घेण्यापूर्वी शिवणाऱ्या बाईंना विचारून घ्या.