भाचीनं एपी सेमिनार घ्यावं का? (मधे येळ्ळूरची बासमती आहे, वाचा जरा)

येळ्ळूरची_मावशी:

माझी ताई न्यू जर्सीत असते. तिची लेक यंदा नववीत. पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा कागद शाळेतून आलाय. तिकडं 'एपी' म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या तोडीचे विषय. दहावीच्या नेहमीच्या इंग्रजीऐवजी तिच्या शाळेत 'एपी सेमिनार' घेता येतो, आणि तो केला तर अकरावीला 'एपी रिसर्च'. ह्या दोन विषयांच्या जोडीला 'कॅपस्टोन' म्हणतात. ताई म्हणते नको, केमिस्ट्रीला वेळ उरायचा नाही. भावजी म्हणतात कॅपस्टोनचा डिप्लोमा मिळतोय तर घेऊ दे की. आणि पोरगी रात्री फोन करून म्हणते, "मावशी, तू सांग." मी बेळगावच्या शहापुरात शिकवण्या घेणारी, मला तिकडचं काय कळतंय? पण तिला काय शोधायचंय ते ऐकलं आणि मी अडकले.

येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बेळगाव बासमती अजून किती जण लावतात, आणि ज्यांनी सोडली त्यांनी का सोडली, हे तिला बघायचंय. गेल्या जुलैत आली होती, ऐन रोप लावणीत. माझ्या माहेरच्या बांधावर छत्री धरून उभी, हातात वही. वही भिजली, शाई पसरली, आईनं ती चुलीजवळ वाळत घातली. पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या काकांना विचारलं, "बासमती लावता का?" "होय तर! आमची बासमतीच!" आई मला हळूच म्हणाली, सगळं इंद्रायणी आहे गं, बासमती असेल चार गुंठे, घरच्यापुरती आणि लेकीला द्यायला. दुसऱ्या दिवशी पोरीनं तोच प्रश्न फिरवून विचारला, "यंदा किती गुंठ्यात लावलात?" काका थांबले, हसले, आणि खरं सांगितलं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतंय.

आता माझं सांगते. बीएला असताना आम्हाला सर्व्हे होता, चाळीस फॉर्म. सर म्हणाले, कुठं फिरताय, घरी बसून भरा. मी आणि मैत्रिणीनं तीन रंगांची पेनं घेऊन, अक्षर बदलून बदलून चाळीस माणसं तयार केली. फर्स्ट क्लास मिळाला. म्हणून विचारालीय, हा प्रकार खरा आहे, का आमच्या चाळीस फॉर्मांसारखाच?

निपाणीची_सून:

ताई, माझ्या मुलानं दोन्ही केलंय, डॅलसजवळ राहतो आम्ही. घरी बसून फॉर्म भरायची सोय तिथं अवघड आहे. रिसर्चला लेखी परीक्षाच नाही. वर्षभर एका प्रश्नावर काम, मग 4,000 ते 5,000 शब्दांचा पेपर, त्याला 75 टक्के. उरलेले 25 सादरीकरणाला आणि नंतरच्या तोंडी प्रश्नांना. हीच पद्धत का निवडलीस, मधे काय बदललंस, असं विचारतात. शिक्षक दिशा दाखवतात, पण पेपर दुरुस्त करून द्यायचा नाही असा नियम आहे.

पण एक लक्षात घ्या. पहिल्या वर्षी, म्हणजे सेमिनारला, बासमती येईलच असं नाही. त्यात एक गटाचं काम असतं आणि एक 2,000 शब्दांचा स्वतंत्र निबंध. त्या निबंधासाठी जानेवारीत कॉलेज बोर्डाकडून, म्हणजे एपी चालवणाऱ्या संस्थेकडून, काही उतारे येतात, त्यातला निदान एक वापरावाच लागतो. मे महिन्यात दोन तासांची परीक्षा, तिला 45 टक्के. माझा मुलगा गटाच्या कामात रडकुंडीला आला होता. चौघांतला एक जण आदल्या रात्रीपर्यंत गायब.

डिप्लोमासाठी दोन्हींत पाचपैकी 3 किंवा जास्त गुण आणि शिवाय आणखी चार एपी विषयांतही तसेच गुण लागतात. चार नसले तर नुसतं सर्टिफिकेट. कॉलेजात त्याचं क्रेडिट किती मिळेल ते ज्या त्या कॉलेजवर. भावजींना सांगा, डिप्लोमाकडे बघून घेऊ नका.

पीयूसी_सर:

मुलगी पुढं इकडं येऊन इंजिनिअरिंग किंवा मेडिकल करणार असेल तर आधी ते ठरवा. सीईटी, जेईई, नीट, यांत ह्या कॅपस्टोनचा एकही गुण धरत नाहीत. तिकडंच शिकणार असेल तर माझा विरोध नाही. मी तीस वर्षं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवलं. प्रयोगवहीतली रीडिंग मागच्या वर्षाच्या वहीतून उतरवलेली असायची, मला कळायचं आणि मी सही करायचो. तुमच्या चाळीस फॉर्मांवरही कुणीतरी सही केलीच असेल.

खानापूरचा_पाऊस:

सगळं बरोबर, पण बासमतीचा वास अमेरिकेतल्या पेपरात कसा येणार ओ? आमच्याकडं इंटाण भात होतो, त्याच्यावर पण कुणीतरी लिहा की.

निपाणीची_सून:

अजून एक राहिलं. रिसर्चला माणसांना प्रश्न विचारून माहिती गोळा करायची असेल तर आधी शाळेच्या समितीची मंजुरी घ्यावी लागते. विचारणार काय, कुणाला, नावं कशी झाकणार, सगळं लिहून द्यायचं. मंजुरीच्या आधी घेतलेल्या मुलाखती चालत नाहीत. म्हणजे गेल्या जुलैची भिजलेली वही उपयोगाची नाही. आणि पेपर 30 एप्रिलच्या आत जमा.

येळ्ळूरची_मावशी:

सर, सही केली होती. हिरव्या शाईनं.

काल ताईशी दीड तास बोलले. एप्रिल ऐकल्यावर मी बोटं मोजली. रिसर्चच्या वर्षी पोरगी येणार ती नाताळच्या सुट्टीत. तेव्हा सुगी आटपलेली, भाताच्या जागी मसूर आलेली. उभं पीक बघायला मिळणार नाही, पण माणसं निवांत असतात, बोलतात. जुलैत चिखलात कंबर वाकलेल्या माणसाला कोण विचारणार? पोरीला हे सांगितलं तर म्हणाली, मग मंजुरी ऑक्टोबरातच मागते. सेमिनार अजून घेतलंही नाही आणि ही रिसर्चच्या ऑक्टोबरात!

ताईनं सेमिनारवर खूण केली. केमिस्ट्री साधीच घेणार. गटाच्या कामाचं मीच तिला आधी सांगून ठेवलंय, एक जण गायब होणार म्हणून.

तिनं प्रश्नांची कच्ची यादी पाठवलीय, इंग्रजीत. मी मराठीत करून बाबांना वाचून दाखवली. "बासमतीचे उत्पन्न किती?" याच्यापाशी त्यांनी हात वर केला. म्हणाले, "उत्पन्न कोण सांगतंय परक्या माणसाला? पोती किती झाली विचार. पोती सगळे सांगतात."