मदत हवी आहे: ८५ ते १०५ च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही फरक नाही

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडीतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. टायर १८५/६५ आर १५, अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या रिम) गाडीबरोबर आलेलेच. समृद्धीवरून संभाजीनगर ते नागपूर जाताना काटा ८५ च्या पुढे गेला की स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते. ९५ च्या आसपास ती इतकी वाढते की थोड्या वेळाने हातांना मुंग्या येतात. ११० ला पुन्हा बरीच कमी होते. गावात ५०-६० ने चालवताना काहीच कळत नाही. हे पावसाळा संपताना सुरू झालं.

वेगवेगळ्या दुकानांत व्हील बॅलन्सिंग करून घेतलं, प्रत्येक वेळी मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य आलं. अलाइनमेंटही झाली, गाडी सरळ जाते, एका बाजूला ओढत नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं की स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) गेला, बदलावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले चारही टायर टाका. टायरची नक्षी अजून चांगली खोल आहे. खर्च करायला ना नाही, पण नेमका कशावर करायचा तेच समजत नाहीये.

बाबांना तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं आणि गाडी मीच चालवते, म्हणून जिवाला घोर लागून राहिला आहे. हे धोक्याचं आहे का? सुरुवात कुठून करू?

घाटवाट:
आधी काही प्रश्न, कारण उत्तर त्यांच्यातच असतं. थरथर ब्रेक दाबल्यावर वाढते का? अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी नुसती घरंगळू दिली तर कमी होते का? फक्त स्टिअरिंगला जाणवते की सीटला, पायाखालच्या पत्र्यालाही? सकाळी जास्त आणि वीस-तीस किलोमीटर गेल्यावर कमी, असं होतं का? घुंईं असा आवाज येतो का, आणि वळणावर तो बदलतो का?

लालमाती:
रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलाय का बघा. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात हे दरवर्षी होतं. बाहेरून चाक लख्ख धुतलेलं असतं आणि आत लाल मातीचा थर. तो एकाच जागी सुकतो आणि बॅलन्सिंग बिघडतं. प्रेशरच्या पाण्याने आतून धुवून घ्या, फुकटचा उपाय आहे.

गोदाकाठ:
घाटवाट, ब्रेक लावल्यावर वाढत नाही. न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली तरी ९५ ला तेवढीच असते. सीटला जाणवत नाही, फक्त हाताला. गाडी गरम झाल्यावरही तशीच. आवाज नाही.
लालमाती, चाकं आतून धुवून घेतली. माती होती थोडी, पण फरक पडला नाही.

लेथमशीन:
ताई, तुमच्या या पाच उत्तरांनी अर्ध्याहून जास्त काम झालं आहे. नीट सांगतो, थोडं लांबेल.

ब्रेकवर वाढत नाही, म्हणजे पुढच्या ब्रेकच्या डिस्क बाजूला ठेवा. डिस्कची जाडी असमान झाली असती तर ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हललं असतं. न्यूट्रलमध्येही तेवढीच आहे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर संशय नको. तो खराब झाला की रेस देताना थरथर येते आणि पाय काढला की जाते. गरम झाल्यावर कमी होत नाही, म्हणजे गाडी उभी राहून टायरला आलेला सपाटपणाही नाही. आवाज नाही, म्हणून बेअरिंगही तूर्त नाही. सीटला नाही आणि हाताला आहे, म्हणजे दोष पुढच्या चाकांकडे. मागचं चाक बिघडलं की ते आधी सीटला कळतं.

आता रॅकबद्दल, कारण तो सगळ्यात महागडा सल्ला आहे. सैल झालेला रॅक, टाय रॉड एंड (रॅक आणि चाक यांच्यामधला सांधा) किंवा लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं रबर) स्वतःहून अशी थरथर निर्माण करत नाही. आलेली थरथर तो मोठी करून हातापर्यंत पोचवतो. शिवाय रॅक सैल असता तर खडबडीत रस्त्यावर कमी वेगातही खडखड ऐकू आली असती. खात्री करायची तर पुढचं चाक जॅकवर उचला, डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा, मग वर-खाली धरून हलवा. आडवं हललं तर टाय रॉड बघायचा, उभं हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही.

९५ लाच का, हे समजून घ्या. तुमच्या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर आहे. ताशी ९५ ला ते चाक सेकंदाला साधारण साडेतेरा वेळा फिरतं. सस्पेन्शनला टांगलेल्या चाकाची स्वतःची हलण्याची लयही सेकंदाला दहा ते पंधराच्या दरम्यान असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो चढत जातो, तसं इथे होतं. वेग पुढे गेला की लय चुकते आणि थरथर ओसरते, दोष मात्र जागेवरच असतो. ११० ला बरं वाटतं म्हणून त्या वेगाने रेटत राहू नका. किती जोर असतो तेही सांगतो. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम जास्त असले तर १०० च्या वेगाला चाकावर साधारण साडेचार किलोचा ओढा येतो, दर फेरीला दिशा बदलणारा. ५० ला तो पाव होतो, म्हणून गावात कळत नाही.

मग मशीनवर शून्य येऊनही थरथर का? कारण बॅलन्सिंग मशीन वजन मोजतं. चाक गोल आहे का, हे साधं मशीन बघत नाही. वाकलेल्या रिमलाही वजनं चिकटवून शून्य आणता येतो. पण रस्त्यावर तोच वाकलेला भाग दर फेरीला गाडीला खालून ढोसतो. टायरच्या रबराखालचा तारांचा पट्टा सुटला असेल तरी तेच होतं. बाहेरचे अलॉय बसवणाऱ्यांसाठी आणखी एक: बऱ्याच छोट्या गाड्यांच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी असतो आणि बाजारातल्या रिमचं भोक ६७.१ किंवा ७३.१. मध्ये रिंग नसेल तर चाक केंद्रात बसत नाही. मशीनवर ते शंकूने धरलेलं असतं, तिथे सगळं छान दिसतं. तुमचे अलॉय गाडीचेच आहेत, तो प्रश्न नाही.

तर आता एक पैसाही खर्च न करता हे करा. डाव्या बाजूची पुढची-मागची चाकं आपसांत बदला, उजव्या बाजूचीही तशीच. बाजू बदलू नका, टायरवर फिरण्याचा बाण असेल तर ते चालत नाही. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. नट आमनेसामने, थोडे थोडे आवळा आणि शक्यतो टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). पान्यावर उभं राहून आवळलेले नट पुढे डिस्कला त्रास देतात. मग त्याच रस्त्याला, त्याच वेगाला चालवून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकात आहे आणि तुमचा रॅक वाचला. हलली नाही तर हब, डिस्क आणि खालचे सांधे बघायचे.

रानपाखरू:
लेथमशीन, हे प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावायला हवं. ताई, एक जोडते: टायरच्या बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर किती जुनं आहे ते त्यावरून कळतं. आणि बगलेवरून हात फिरवून फुगा आलाय का बघा, आतल्या बाजूनेसुद्धा. फुगा असेल तर ती चाकं घेऊन हायवेला अजिबात जायचं नाही.

गोदाकाठ:
चाकं बदलून समृद्धीवर चालवून आले. स्टिअरिंग ९५ ला शांत! आणि मागे बसलेल्या भावाने स्वतःहून सांगितलं की सीट थरथरतेय. फुगा कुठेच नाही, आकडेही फार जुने नाहीत. आता मागच्या दोन चाकांपैकी कोणतं, ते कसं ओळखू?

लेथमशीन:
उत्तम, रॅकचा विषय संपला. मागची बाजू घन, सपाट जागेवर उचला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक सोडा. चाकाशेजारी विटेवर खडू असा टेकवा की त्याचं टोक रिमच्या कडेपासून जेमतेम सुटं राहील. चाक हाताने सावकाश फिरवा आणि फट बघत राहा. एकाच जागी खडू घासत असेल आणि समोरच्या बाजूला फट मोठी होत असेल तर चाक गोल नाही. आधी टायरच्या नक्षीवर, मग रिमच्या बाहेरच्या कडेला, आणि शेवटी आतल्या कडेला करा. आतली कड सोडू नका. खड्ड्यात बहुतेक वेळा तीच वाकते आणि उभ्या माणसाला ती दिसतच नाही. तरंग, म्हणजे फटीतला कमी-जास्तपणा, एक-दीड मिलिमीटरच्या पुढे असेल तर हायवेला हाताला कळणारच.

गोदाकाठ:
सापडलं! आधी पुढे डावीकडे असलेलं चाक. बाहेरून काहीच नाही, पण आतल्या कडेला जवळजवळ बोटभर लांबीचा बाक आहे. खडू तिथे घासतो आणि समोर फट स्पष्ट दिसते. बाकीची तीन चाकं व्यवस्थित. पावसात पुलाजवळच्या एका खड्ड्यात डावं चाक जोरात आपटलं होतं, त्याचंच हे दिसतंय. अलॉय गरम करून सरळ करून देणारा एक जण आहे. करून घेऊ का? की तोवर स्टेपनी लावून नागपूरला जाऊ?

लेथमशीन:
लोखंडी रिम असती तर ठोकून सरळ करा म्हटलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. गरम केल्याने त्याची ताकद कमी होऊ शकते आणि वाकलेल्या जागी बारीक तडा असला तर तो डोळ्यांना दिसत नाही. आईवडिलांना घेऊन १०० ने जायचं असेल तर नवी रिम घ्या. व्यास, रुंदी, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) आणि हबचं भोक, चारही जुळायला हवं. टायर उतरवल्यावर त्याचा आतला भाग नीट तपासायला सांगा, रिमला एवढा मार बसला तर टायरलाही बसलेला असू शकतो.

स्टेपनीवर नागपूर नको. बऱ्याच गाड्यांत ती वेगळ्या मापाची असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते. ती जवळच्या दुकानापर्यंत पोचायला आहे.

घाटवाट:
आणि समृद्धीवर काही जाणवलं तर कडेला थांबून बघत बसू नका, गाड्या १२० ने येत असतात. वेग कमी करा आणि पुढच्या इंटरचेंजला बाहेर पडून बघा.

गोदाकाठ:
नवी रिम बसवली. टायर आतून चांगला निघाला, तोच ठेवला. पुन्हा बॅलन्सिंग करून घेतलं. ८० ते ११० पर्यंत सगळे वेग तपासले, स्टिअरिंग आणि सीट दोन्ही शांत. रॅक आणि चार टायरांचा खर्च वाचला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांनीही आशीर्वाद सांगितले आहेत.

लेथमशीन:
आनंद झाला. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर त्या चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा, नवी रिम बसताना थोडी ढिली पडू शकते.

गोदाकाठ:
तपासते. दुकानदार जुनी रिम ठेवून घेतो म्हणत होता, मी ती घरी आणली. भंगारात देण्याआधी कटरने एका जागी कापून घेणार आहे, म्हणजे सरळ करून, रंग मारून ती दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागणार नाही.