बीड रोडला आडवं वारं, ११० सीसीची गाडी कशी सांभाळायची?

चौसाळकर:
नमस्कार मंडळी, चौसाळ्याहून संभाजीनगरला भावाकडं गाडीवर जाणं-येणं असतंय. आषाढ लागल्यापासून माळावर गाडी आली की वारं डाव्या अंगानं असं ढकलायलंय की गाडी आपोआप उजवीकडं सरकते. हँडल घट्ट धरून धरून खांदे भरून येतेत, ट्रकला ओव्हरटेक करताना तर जीव वर येतो. गावातले म्हणतेत मागं ज्वारीचं पोतं बांध, गाडी बसंल. खरंय का?

माळावरचा:
पोतं नको भाऊ. मागं उंचावर वजन आलं की पुढचं चाक हलकं होतंय, आन पोत्यालाच वारं लागतं ते वेगळंच. बालाघाटावर पवनचक्क्या उगच नाही उभ्या केल्या, पावसाळ्यात तिथं पश्चिमेचं वारं सुटतं आणि आपला ५२ नंबरचा हायवे दक्षिण-उत्तर, म्हणून जाताना डावीकडून अन् येताना उजवीकडून लागणारच. वारं दुप्पट झालं की जोर चौपट होतो. हँडल आवळू नका, कोपरं सैल ठेवा, गुडघ्यानं टाकी धरा. गाडी उजवीकडं सरकली की डावं हँडल हलकं पुढं दाबा, गाडी वाऱ्याकडं कलते अन् सरळ चालते.

गोदाकाठ:
वरचं बरोबरच आहे, पण खरी भीती एकसारख्या वाऱ्याची नसते, वारं तुटतं तिथं असते. ट्रकच्या उजवीकडून जाताना ट्रक वारं अडवतो, तुम्ही डावीकडं कललेले असता म्हणून गाडी एकदम ट्रककडं ओढते, मग केबिनच्या पुढं निघालात की थप्पड बसल्यागत वारं परत येतं. म्हणून ट्रकपासून अंतर जास्त ठेवा, आडोशात शिरताच गाडी सरळ करा आणि केबिन मागं पडायच्या आत डाव्या हाताची तयारी ठेवा. शहागडला गोदावरीच्या पुलावर चढतानाही तेच, पुलावर ओव्हरटेक करूच नका.

चौसाळकर:
ट्रककडं गाडी का ओढते ते आत्ता कळालं, लई आभार. रेनकोटचं काय? फडफड करतो.

माळावरचा:
चेन गळ्यापर्यंत लावा, कमरेला पट्टा आवळा, शीड झालं की तेच ओढतं. अन् जमलं तर सकाळी लवकर निघा, ऊन चढलं की वारं वाढतं. वाऱ्यासोबत पाऊस आला तर सरळ धाब्यावर थांबा, होर्डिंगखाली किंवा झाडाखाली नको. भाऊ तासभर वाट बघंल.